वार्नोलेझींचा दांडा

ओलिंदो वार्नोलेझीला कुणी आडनाव विचारलं, की तो आधी छाती पुढे काढायचा, मग मिशीवरून बोट फिरवायचा आणि मग सांगायचा. आता आमच्या सेल्वारा गावात माणसं दोनशे दहा, सगळी एकमेकांना पाळण्यापासून ओळखणारी. त्याला आडनाव विचारणार कोण? तर उन्हाळ्यात पाणी प्यायला थांबलेला एखादा सायकलवाला. त्या बिचाऱ्याला ओलिंदो कारंज्यापाशी अर्धा तास उभा करायचा आणि वार्नो नावाच्या सरदाराची गोष्ट ऐकवायचा. या सरदाराने म्हणे गाव वसवलं आणि त्याचे वंशज ते वार्नोलेझी. "गाव आधी की आम्ही आधी, ते देवालाच ठाऊक!" हे त्याचं शेवटचं वाक्य. सायकलवाला मान डोलवायचा आणि बाटली भरायची विसरून निघून जायचा.

मी अडतीस वर्षं सेल्वाराच्या कचेरीत जन्ममृत्यूची नोंद ठेवली. इतकी नावं लिहिल्यावर नावांचा तोरा उरत नाही. माझं माहेरचं आडनाव मोलिनारी, म्हणजे गिरणीवाले. आजोबा पीठ दळायचे, पणजोबाही पीठच दळायचे, विषय संपला. त्यामुळे सरदार वार्नोचं नाव निघालं की मी स्वयंपाकघरात निघून जायची. पण ओलिंदोला तोंडावर कधी काही बोलले नाही, कारण गावातल्या निम्म्या पोरांप्रमाणे माझ्या मुलीलाही बाप्तिस्म्याला त्यानेच हातांवर धरलं होतं. असं ज्याने धरलं तो आमच्याकडे कोम्पारे, सख्ख्या भावापेक्षा वरचा. त्याला 'तुम्ही' म्हणायचं आणि त्याचं ऐकून घ्यायचं.

ओलिंदोचा सगळा जीव एका लाकडी दांड्यात होता. सोळा ऑगस्टला साथीपासून राखणाऱ्या आमच्या संत रोक्कोची मिरवणूक निघते. अक्रोडाच्या लाकडाची मूर्ती, पायाशी लाकडाचाच कुत्रा, वजन तीनशे किलो. खाली आठ दांडे, आठ खांदे. प्रत्येक दांडा एकेका घराण्याचा, बापाकडून मुलाकडे जाणारा. पुढचा उजवा वार्नोलेझींचा. तो सगळ्यांत मानाचा. त्या दांड्याखालचा माणूस मिरवणुकीचा प्रमुख, त्याने 'चला' म्हटल्याशिवाय रोक्को हलत नाही. ओलिंदो वयाच्या विसाव्या वर्षी त्या दांड्याखाली गेला आणि एक्याऐंशी झाला तरी बाहेर यायला तयार नव्हता.

मागच्या वर्षी खालच्या उतारावर त्याचा खांदा निखळला. मूर्ती कलली, कुत्रा सुटला आणि थेट तुल्लिओच्या मानेवर पडला. तुल्लिओ त्याच्या मागच्याच दांड्याखाली होता. हिवाळ्यात ओलिंदोच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी बजावलं की सुपाचं भांडंसुद्धा उचलायचं नाही. मुलगा इव्हानो जर्मनीत, गाड्यांच्या कारखान्यात. अकरा वर्षं तो "पुढच्या वर्षी नक्की" म्हणतोय.

तर जुलैत चर्चच्या मागच्या खोलीत सगळे खांदेकरी जमले. मी कागद-पेन घेऊन होते, कारण गावात वाचता येईल असं अक्षर माझं एकटीचं.

"सात खांद्यांवर रोक्को जायचा नाही," आमचे पाद्री डॉन फेर्मो म्हणाले. "एक तर आठवा माणूस शोधा, नाहीतर तुल्लिओचा ट्रॅक्टर."

"मी धुऊन आणतो," तुल्लिओ लगेच म्हणाला. "फुलं लावतो. माझ्या मानेचंही भलं होईल."

"रोक्को म्हणजे काय बटाट्याचं पोतं आहे?" ओलिंदो ओरडला. "मी उचलीन!"

"तुम्ही मागच्या वर्षी उचललात तो माझ्या अंगावर, कोम्पारे."

डॉन फेर्मोंनी हात वर केला. "लोरिस आहे की. बैलासारखा गडी आहे. तुमचा दांडा इव्हानो येईपर्यंत त्याच्याकडे द्या."

सगळ्यांनी ओलिंदोकडे पाहिलं. लोरिस हा आमचा चीजवाला. चौदा वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या लिस्सानोहून बायको नीवेस आणि तीस गाई घेऊन आला आणि बंद पडलेली डेअरी त्याने सुरू केली. तो नसता तर गावातली शाळा केव्हाच बंद झाली असती, कारण तिच्यातली सहापैकी तीन पोरं त्याची. तिघांचाही जन्म मीच नोंदवला. त्याचं खरं आडनाव बोरेल्ली, पण ते माझ्याशिवाय कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. गावासाठी तो लिस्सानोवाला, त्याची पोरं लिस्सानोवाल्याची पोरं, आणि गाईसुद्धा लिस्सानोच्या गाई. तिकडून आणलेल्या गाई कधीच मेल्या, आताच्या सगळ्या इथल्याच गोठ्यात जन्मल्या, तरीही.

"दांडा घराण्याचा असतो," ओलिंदो दात आवळून म्हणाला. "आठ घराणी या गावाबरोबर जन्मलेली. उपऱ्याच्या खांद्यावर रोक्को गेला तर माझा आजा थडग्यात कूस बदलेल."

"रोक्को स्वतः फ्रान्सचा," डॉन फेर्मो म्हणाले. "यात्रेकरू होता. उपराच की."

"संत वेगळा, चीजवाला वेगळा." ओलिंदो माझ्याकडे वळला. "एर्सिलिया, तू चर्चच्या जुन्या वह्या काढ. वार्नोलेझी कधीपासून या दांड्याखाली आहेत ते शोध आणि येत्या रविवारी सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. एकदा पुरावा आला की सगळ्यांची बोलती बंद. दांडा माझा, मी उचलेन नाहीतर रिकामा ठेवेन, त्यात कुणी बोलायचं नाही."

म्हणजे प्रश्न साधा होता. रोक्को यंदा खांद्यावर जाणार की ट्रॅक्टरवर, ते माझ्या कागदावर ठरणार होतं.

लोरिसने स्वतः कधी काही मागितलं नव्हतं. पण नीवेसने मला एकदा सांगितलं होतं, की मिरवणूक डेअरीवरून जाते तेव्हा तो टोपी काढून दारात उभा राहतो आणि त्याचा उजवा खांदा आपोआप खाली झुकतो. तिने ते हसत हसत सांगितलं होतं. मला हसू आलं नव्हतं.

तीन दिवस मी चर्चच्या माळ्यावर बसले. उंदरांनी कोपरे खाल्ले होते, पण मधलं अक्षर शाबूत होतं. मागे मागे जात सोळाशे एकतीसपर्यंत पोचले. त्याच्या आदल्या वर्षी प्लेग होऊन गेलेला. चार पानं नुसती मेलेल्यांची नावं. चौथ्या पानावर लिहिणाऱ्या पाद्र्याचा हात कापत होता, ते आजही दिसतं. आणि त्यानंतरच्या पानावर रोक्कोच्या नवसाची पहिली मिरवणूक. मी ते पान दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि म्हटलं, एर्सिलियाबाई, आता आली का पंचाईत!

नकाशांच्या कपाटात त्या पानावरचं वार्नोलाही सापडलं. सरदार नव्हे, वाडी. डोंगराचा कडा कोसळून कधीचीच गाडली गेलेली, त्यामुळे नावही कुणाला आठवत नव्हतं. होती मात्र नदीपलीकडे, शेजारच्या सोरविगो गावाच्या हद्दीत. आणि सोरविगो म्हणजे ओलिंदोच्या मते पृथ्वीवरची सगळ्यांत मूर्ख जागा, जिथली माणसं डुकराला आरसा दाखवून त्याची दाढी करतात.

खरं तर मला हे आधीच सुचायला हवं होतं. सोरविगोत चार घरं सेल्वारेझींची आहेत. सेल्वारेझी म्हणजे सेल्वाराचे. पण खुद्द सेल्वारात हे आडनाव औषधालाही मिळायचं नाही. इथे सगळेच सेल्वाराचे, मग कुणी कुणाला तशी हाक का मारावी? गावाचं नाव माणसाला चिकटतं ते गाव सोडल्यावर. अडतीस वर्षं हीच नावं लिहिली आणि डोक्यात उजेड पडला नाही. नाकाने कांदे सोलणाऱ्यांत मीही आलेच.

शनिवारी दुपारी मी नक्कल केलेलं पान पिशवीत घातलं, वर पालेभाजी-चीज भरलेल्या भाजक्या पोळीचा मोठा तुकडा ठेवला आणि ओलिंदोकडे गेले. तो अंगणात बसून डाव्या हाताने शेंगा सोलत होता.

"आणलंस?"

"आणलं. आधी खाऊन घ्या."

"इतकं वाईट आहे?"

"तुम्ही खा तर, कोम्पारे."

त्याने खाल्लं. मग मी वाचलं. "गावात धडधाकट पुरुष सातच उरले आहेत. आठवा म्हणून कोळसे पाडणारा जोव्हान्नी घेतला, वार्नोलाचा, परका. त्याला पुढे उजवीकडे दिला, कारण उतारावर सगळा भार तिथे येतो आणि दुसरं कुणी तिथे उभं राहायला तयार नव्हतं."

 मी पुढच्या वर्षांच्या नोंदी वाचल्या. वीस वर्षं तोच जोव्हान्नी, 'वार्नोलावाला' म्हणून. मग त्याचा मुलगा पिएत्रो, 'वार्नोलावाल्याचा'. मग नातू, आंतोनिओ वार्नोलेझी. नातवाच्या नावापुढे 'परका' लिहायचं पाद्री विसरले होते.

"हे वार्नोला कुठेशी आलं?" त्याने अखेर विचारलं.

"नदीपलीकडे."

"नदीपलीकडे कुठे?"

"सोरविगोत."

त्याने शेंगांचं टोपलं असं ढकललं की दाणे अंगणभर झाले. "फाड तो कागद."

"चारशे वर्षं उंदरांनी फाडला नाही आणि मी फाडू?"

"मग उद्या वाचू नकोस. सांग, काही सापडलं नाही म्हणून."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "कोम्पारे, मी माझ्या नवऱ्याचा मृत्यूसुद्धा स्वतःच्या हाताने नोंदवला, तारीखवेळेसकट, खाडाखोड न करता. तुमच्या मिशीसाठी मी खोटं बोलणार नाही. उद्या विचारलंत तर आहे तसं वाचीन. नाही विचारलंत तर माझ्या तोंडाला कुलूप. तुमचं तुम्ही ठरवा."

तो एकदम म्हातारा दिसायला लागला आणि मला त्याची फार कीव आली. साठ वर्षं सायकलवाल्यांना सरदार विकला, आणि हाती आला कोळसेवाला. मी वाकून दाणे गोळा करायला लागले.

"परत का गेला नाही तो?" ओलिंदोने विचारलं. "साथ तर संपली होती. मिरवणूक झाली. परत जायचं ना आपल्या गावाला."

"ते लिहिलेलं नाही."

"कुणी राहा म्हटलं असेल?"

"तेही लिहिलेलं नाही. राहिला, एवढंच दिसतं."

"हं," तो म्हणाला. मग टोपलं पुढे ओढून, "घरी जा, एर्सिलिया."

घरी आले, पण जेवण गेलं नाही. कागद वाचला तर म्हाताऱ्याची लाज जाणार, आणि न वाचला तर रोक्को ट्रॅक्टरवर. तुल्लिओने दुपारीच ट्रॅक्टर धुवायला काढल्याचं मी येताना पाहिलं होतं.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या मागची खोली तुडुंब भरली. नुसते खांदेकरी नाहीत, त्यांच्या बायकाही आल्या होत्या, कारण असली मजा आमच्याकडे वर्षातून एकदाच. ओलिंदो काळा कोट घालून आला, लग्नातला. मी कागद मांडीवर उलटा ठेवून बसले होते.

"काय मग, कोम्पारे," तुल्लिओ म्हणाला, "सरदारसाहेब सापडले का?"

ओलिंदोने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एर्सिलिया, वाच."

"सगळं?" मी विचारलं.

"सगळं. सोरविगोसकट."

मी वाचलं. कुठे काही गाळलं नाही. 'परका' शब्दाशी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. 'दुसरं कुणी उभं राहायला तयार नव्हतं' या वाक्याशी डॉन फेर्मो खिडकीबाहेर बघायला लागले. सगळं संपल्यावर तुल्लिओ हसत सुटला.

"म्हणजे साठ वर्षं सोरविगोचा माणूस आमच्यावर हुकूम सोडत होता!"

"हो," ओलिंदो म्हणाला. "आणि तुम्ही साठ वर्षं तो पाळलात. तेव्हा डुकराची दाढी कोण करतं ते आता तुम्हीच ठरवा."

त्याने टोपी डोक्यावर घातली आणि तो बाहेर पडला. आम्हाला वाटलं, रागावून घरी निघाला. पण तो घराच्या वळणाला वळलाच नाही. सरळ डेअरीकडे चालायला लागला. मग काय, आम्हीही निघालो त्याच्या मागे, पाद्र्यांसकट, अख्खी वरात.

लोरिस कोपरापर्यंत हात पातेल्यात घालून चीजसाठी फाडलेल्या दुधाचा गोळा जमवत होता. दारात एवढी गर्दी बघून तो घाबरला. चीज खाऊन कुणाला काही झालं की काय, असं त्याला वाटलं असणार.

"रविवारीही काम?" ओलिंदो म्हणाला.

"गाईंना रविवार कळत नाही, सिन्योर ओलिंदो."

"उंची किती तुझी?"

"एक ब्याण्णव."

"फार आहे. वाक बघू. अरे, पाठीतून नाही! पाठीतून वाकलास तर उतारावर मोडशील. गुडघ्यातून वाक."

लोरिस हातांवरून दुधाचं पाणी निथळत असतानाच गुडघ्यातून वाकला. एवढा थोरला माणूस, कुणी का वाकवतंय हे न विचारता वाकला.

"बरं," ओलिंदो म्हणाला. "उद्यापासून संध्याकाळी दूध काढून झालं की ये. उतारावर पाऊल कसं टाकायचं ते शिकवतो. ते सरळ टाकायचं नसतं."

"कशासाठी?" लोरिसने विचारलं. "म्हणजे... कुणाचा दांडा?"

"माझा."

लोरिसने टॉवेलला हात पुसले, फार सावकाश पुसले. "पण मी तर लिस्सानोचा."

"ते गावाला ठाऊक आहे. ओरडून सांगू नकोस."

त्यानंतर चार आठवडे रोज संध्याकाळी आम्ही ओट्यांवर खुर्च्या टाकून तमाशा बघायचो. लोरिसच्या खांद्यावर ओंडका, ओंडक्याला पिठाची दोन पोती, आणि ओलिंदो काठी आपटत पुढे. "टाच आधी! टाच! गाईच्या मागे चालतोस का?" लोरिस घामाने न्हायचा, पण तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या आठवड्यात ओलिंदोने त्याला उतारावर डोळे मिटून चालवला, आणि दोघंही खाली पोचल्यावर लहान पोरांसारखे हसले. मिरवणुकीत उंचीचा फरक पडू नये म्हणून बाकीच्यांनी खांद्यावर घ्यायला घड्या घातलेल्या चादरी ठरवल्या. तुल्लिओ ट्रॅक्टरवर बटाटे घालून बाजाराला गेला.

एकच गोष्ट कुणी बोलत नव्हतं. मूर्ती उचलण्याआधी प्रमुख आठही घराण्यांची नावं मोठ्याने पुकारतो, आणि ज्याच्या खांद्यावर तो दांडा, त्याने "इथे!" म्हणून ओ द्यायची. पहिलं नाव नेहमी पुढच्या उजव्या दांड्याचं. इतकी वर्षं ओलिंदो स्वतःच "वार्नोलेझी!" ओरडायचा आणि स्वतःच "इथे!" म्हणायचा, आणि पोरं फिदीफिदी हसायची. यंदाही नावं ओलिंदोच पुकारणार होता, आणि 'वार्नोलेझी' या परक्या नावाला लोरिसने ओ द्यावी असं डॉन फेर्मोंनी त्याला समजावलं होतं. लोरिस म्हणाला होता, देईन की, त्यात काय. दांडा त्यांचाच आहे.

सोळा तारखेला सकाळी दहाला चर्चचं दार उघडलं. आठजण वाकून उभे, गुडघ्यातून वाकलेले. ओलिंदो काळ्या कोटात समोर आला, दुखरा हात कोटाच्या खिशात. गावाचा आवाज थांबला. त्याने श्वास घेतला, छाती पुढे आली, आणि मी मनात 'वार्नोलेझी' म्हटलंसुद्धा.

"लिस्सानेझी!" ओलिंदो ओरडला.

हे नाव सेल्वारात कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. लोरिसनेही नाही. तो खाली मान घालून तसाच, परक्या नावाची वाट बघत. एक क्षण गेला, दुसरा गेला.

"अरे, तुला बोलावतायत!" गर्दीतून नीवेस किंचाळली.

लोरिसने मान वर केली. त्याचा चेहरा बघवेना. "इथे," तो म्हणाला. आवाज फुटला म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, आणि या वेळी ते कारंज्यापर्यंत ऐकू गेलं. "इथे!"

मग उरलेली सात नावं झाली. मी रुमाल नसल्यामुळे बाहीनेच डोळे पुसत होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती. आठ खांदे एकदम उठले. रोक्को दारातून बाहेर आला, न कलता. खालच्या वळणाला उतार सुरू झाला तसा सगळा भार उजवीकडे आला, आणि ओलिंदो त्याच्या शेजारून एक पाऊल पुढे चालत होता, रिकाम्या खांद्याने, हळूच म्हणत, "टाच आधी, लिस्सानेझी. टाच आधी."